वल्ह्याला कान लावून

ही गोष्ट फार जुनी नाही. एका खाडीच्या मुखाशी एक कोळीवाडा होता आणि तिथे जोमा नावाचे एक वृद्ध तांडेल राहत असत. तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या तांडेलांची ख्याती अशी होती की, ते मासे डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधत. होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि त्याच्या दांड्याला कान लावून स्तब्ध बसायचं. घोळ नावाचा मोठा, सोनेरी झाक असलेला मासा विणीच्या दिवसांत पोटातून ढोलासारखा नाद काढतो. तो नाद पाण्यातून लाकडात आणि लाकडातून कानात येतो. ही विद्या एकेकाळी त्या किनाऱ्यावर अनेकांना अवगत होती. आता ती एकट्या जोमा तांडेलांकडे उरली होती. घोळ मात्र तिथे गेल्या पस्तीस वर्षांत कोणी पाहिली नव्हती.

एके दिवशी त्यांच्या दाराशी ऋजुता नावाची एक तरुणी आली. ती पठारावरच्या एका कोरड्या गावात वाढलेली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो अठराव्या वर्षी, आणि पुढे सागरी जीवांचाच अभ्यास केला. आता ती समुद्र वाचवू पाहणाऱ्या एका लहानशा गटात काम करत होती.

"बाबा, मला तुमची विद्या शिकवा," ती म्हणाली.

"आता कशाला गो पोरी ती विद्या? ऐकायला कोण उरलंय पाण्यात?"

"तेच शोधायचं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. खाडीबाहेर समुद्रात वाळूचा एक लांबलचक उंचवटा होता. कोळी त्याला दांडा म्हणत. एका नव्या बंदराकडे जाणाऱ्या जहाजांसाठी तो दांडा उपसून वाट खोल करायची होती. त्यासाठी केलेल्या अहवालात एक वाक्य होतं : 'या परिसरात माशांच्या विणीची जागा आढळली नाही.' महिन्या-दीड महिन्याने त्यावर जनसुनावणी होणार होती. ऋजुताच्या गटाला पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र उसनं मिळत होतं, पण दांडा होता आठ मैलांचा. यंत्र उतरवायचं कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तांडेल बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या पहाटे ये. अंगावर जाड काहीतरी घाल. वारा असतो."

दुसऱ्या दिवसापासून दोघं होडीने दांड्यावर जाऊ लागली. भाद्रपद लागला होता, समुद्र हळूहळू शांत होत होता. तांडेल इंजिन बंद करत, वल्हं पाण्यात उभं धरत आणि ऋजुताला म्हणत, "लाव कान." स्वतः मात्र ते वल्ह्याला कान लावत नसत. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहत. गुरू शिष्याची परीक्षा घेतो आहे, असं तिला वाटे.

पहिल्या दिवशी तिला फक्त स्वतःच्या रक्ताची धडधड ऐकू आली. आठवड्याभराने लाटांचा होडीवर होणारा आवाज आणि पाण्याच्या पोटातला आवाज यांतला फरक कळू लागला. मग कोळंबीची चुरचुर कळली, तेल तापल्यासारखी. दूर जाणाऱ्या जहाजाची घरघर कळली. तांडेल रोज एकच प्रश्न विचारत, "काय ऐकलंस?" ती सांगे. ते मान हलवत आणि होडी परत फिरवत.

"बाबा, तुम्ही इथं दर वर्षी येता?" एकदा तिने विचारलं.

"दर वर्षी. याच दिवसांत."

"आणि काहीच ऐकू येत नाही?"

"नाही."

"मग का येता?"

ते लांब पाण्याकडे पाहत राहिले. एखाद्या घरातून कोणी परदेशी गेलेलं असावं, त्याचं पत्र येणं थांबलेलं असावं आणि तरीही घरातल्या माणसाने पोस्टमनच्या वेळेला दारात उभं राहावं, तसे ते दिसत होते.

पाच आठवडे गेले. सुनावणी सहा दिवसांवर आली. त्या सकाळी तांडेलांनी होडी दांड्याच्या दक्षिण टोकाला नेली. तिथे पाण्याखाली एक खोल खड्डा आहे, असं त्यांनी सांगितलं. भरतीला नुकती सुरुवात झाली होती. ऋजुताने कान लावला आणि काही क्षणांतच तिने वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बाबा!"

"काय?"

"कोणीतरी... कोणीतरी लाकडावर बोटांनी वाजवतंय. थांबलं. परत वाजलं."

तांडेल एकदम पुढे सरकले. "नीट सांग. कसं वाजतंय?"

"जाड आवाज. डुग डुग डुग डुग, आणि मग गप्प. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा."

"किती वेळ गप्प?"

"श्वास दोनदा घेईपर्यंत."

"आणि दुसरीकडून जाब येतोय का? एक थांबला की दुसरा?"

ती ऐकत राहिली. "येतोय. लांबून. याच्यापेक्षा बारीक."

"अजून सांग," ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. एकच गोष्ट त्यांनी चार-पाच वेळा वदवून घेतली, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत राहिलं. मग त्यांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि इंजिन चालू न करता, वल्हं मारत होडी हळूहळू तिथून दूर नेली.

किनाऱ्यावर काही जण जाळी सुकवत होते. त्यांच्यात हरेश्वर होता, चाळिशीच्या आतला, दोन मोठ्या नौकांचा मालक. तो हसून म्हणाला, "काय तांडेल, वाजला का ढोल?"

"नाही रे," तांडेल शांतपणे म्हणाले. "काहीच नाही."

 घरापर्यंत ऋजुता कशीबशी गप्प राहिली. ओटीवर पाय ठेवताच मात्र तिचा बांध फुटला.

"बाबा, तुम्ही खोटं का बोललात? सहा दिवसांनी सुनावणी आहे. तो अहवाल खोटा आहे हे आता आपल्याला माहीत आहे. उद्या यंत्र आणते, आवाज टिपते, सगळ्यांना ऐकवते. आणि तुम्ही म्हणता, काहीच नाही?"

"बस," ते म्हणाले. "आणि या बाजूला बस. डाव्या कानाने मला थोडं कळतं."

ती थबकली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की, ते नेहमी तिच्या ओठांकडे बघूनच बोलत.

"तुला वाटलं असेल, मी तुझी परीक्षा घेतोय," तांडेल म्हणाले. "परीक्षा कसली! माझे कान गेलेत पोरी. समोरचं माणूस बोललं तर कळतं. पाण्याखालचं कळत नाही. गेली सहा वर्षं मी दांड्यावर जातो, वल्ह्याला कान लावतो आणि समुद्र गप्प आहे की माझे कान, तेच मला उमगत नाही. तू आलीस तेव्हा म्हटलं, देवाने दुसऱ्याचे कान पाठवले."

ऋजुता त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"आता खोटं का बोललो ते ऐक. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच खड्ड्यावर मी नाद ऐकला होता. एवढा मोठा, की वल्हं हातात थरथरत होतं. मी किनाऱ्यावर आलो आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं. सांगताना छाती फुगली होती माझी. दुसऱ्या दिवशी सतरा होड्या गेल्या. सगळ्यात पुढे माझी. तीन दिवस आम्ही ओढत होतो. एकेक घोळ माणसाएवढी. पोटं अंड्यांच्या गाबोळीने टच्च भरलेली. चौथ्या दिवशी मी पुन्हा कान लावला. काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. त्या कमाईतून मी होडीला इंजिन बसवलं. पुढची तीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो. कान त्यानेच नेले."

तांडेलांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"लोक म्हणतात, जोमा तांडेल जुन्या समुद्राची किती आठवण काढतो! आठवण काढणं सोपं आहे गो. समुद्र कसा होता ते मी शंभर जणांना सांगितलं. तो रिकामा कसा झाला, त्यात माझा हात कुठे होता, ते कधी कोणाला सांगितलं नाही. आज तू आवाज जगाला ऐकवलास तर उपसणारं जहाज यायला दोन वर्षं लागतील. आपली जाळी उद्या सकाळी पोहोचतील. दुसऱ्याचा हात धरायला जायचं असेल तर आधी स्वतःचा हात बांधायला हवा. मला दोन दिवस दे."

ऋजुताने दोन दिवस दिले. हे तिला सोपं गेलं नाही. तिच्या गटातले सहकारी फोनवर विचारत होते, यंत्र कधी उतरवायचं? ती नुसतं "थांबा" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळासमोरच्या मांडवात समाजाची बैठक बसली. तांडेलांनी बोलावली म्हणून झाडून सगळे आले. बायका एका बाजूला बसल्या होत्या. तांडेल उभे राहिले. त्यांनी आधी सांगितलं की काल ते खोटं बोलले. घोळ परत आली आहे. मांडवात एकच गलका झाला. तो शांत होईपर्यंत ते थांबले आणि मग पस्तीस वर्षांपूर्वीचे ते तीन दिवस त्यांनी जसेच्या तसे सांगितले. कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त स्वतःचं घेतलं.

शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत दक्षिण टोकावर जाळं टाकू नका. एवढंच मागणं आहे."

हरेश्वर ताडकन उठला. "तांडेल, राग मानू नका. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. आमच्या वाट्याला रिकामं ताट आलं, आणि आता आम्हालाच म्हणता उपास करा? पाणी तापलंय, वादळं वेळी-अवेळी येतात, बांगडा येईनासा झालाय, बाहेरच्या मोठ्या बोटी रात्रंदिवस ओढून नेतात. ते सगळं सोडून एक खड्डा राखून काय होणार?"

"तू म्हणतोस ते खरं आहे," तांडेल म्हणाले. "ताटाचंही खरं आहे. मी जेवलोय आणि तू उपाशी आहेस. मला बोलायचा अधिकार नाही, म्हणून तर मी मागतोय, सांगत नाही. पाणी तापलंय, ते मला एकट्याला थंड करता येत नाही. पण एवढ्या तापलेल्या पाण्यातून, एवढ्या बोटी चुकवून ती परत आपल्याच दाराशी आली आहे रे. तिला अजून ही जागा आठवते. तिला आपण काय तोंड दाखवायचं, तेवढंच आपल्या हातात आहे."

हरेश्वर बोलणार तोच बायकांमधून भागीरथीबाई उठली. तिचा नवरा त्या सतरा होड्यांपैकी एकीवर होता.

"ते मासे चिरले ते आम्ही," ती म्हणाली. "आठवडाभर गाबोळीच खाल्ली. मग वीट आला आणि उरलेली माडांच्या मुळाशी पुरली. एवढी गाबोळी! तेव्हा माझ्या पोटात माझी पहिली लेक होती. पुरताना हात थांबला होता माझा. पण मी बोलले नाही कोणाला." ती तांडेलांकडे वळून म्हणाली, "आज बोलते. थांबा एक मोसम."

सगळ्यांचं मन वळलं असं नाही. दोघं-तिघं उठून गेले. हरेश्वर मान खाली घालून बसून राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "दिवाळीपर्यंत. पुढचं पुढे बघू." पण ठराव झाला, आणि दक्षिण टोकाला तांबड्या कापडाच्या तरंगत्या खुणा लागल्या.

त्यानंतर यंत्र पाण्यात उतरलं. दोन दिवस आवाज टिपला गेला आणि सुनावणीच्या सकाळी ऋजुता तालुक्याच्या सभागृहात उभी राहिली. मागे कोळीवाड्यातली दीड-दोनशे माणसं बसली होती. तिने अहवालातलं ते एक वाक्य वाचलं आणि पुढे काही न बोलता आवाज सुरू केला.

सभागृहातल्या मोठ्या लाकडी ध्वनिक्षेपकातून समुद्राची चुरचुर आली आणि मग तो नाद आला. जाड, खोल, थांबून थांबून. पंखे फिरत होते तेवढाच काय तो दुसरा आवाज. ज्यांनी लहानपणापासून तो केवळ गोष्टींत ऐकला होता अशी माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

इतक्यात जोमा तांडेल आपल्या जागेवरून उठले. हळूहळू चालत पुढे गेले आणि त्या ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर त्यांनी गाल टेकवला. डोळे मिटले. एक कर्मचारी म्हणाला, "आजोबा, जागेवर बसा." सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने हातानेच त्याला थांबवलं. आवाज संपेपर्यंत तांडेल तसेच उभे होते.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात ऋजुताने विचारलं, "ऐकू आला, बाबा?"

"कानाला नाही आला," ते म्हणाले. "गालाला लागला."

त्या दिवशी निकाल असा झाला की, विणीच्या सबंध मोसमाचा नव्याने अभ्यास झाल्याशिवाय दांड्याला हात लावू नये. तो काही विजय नव्हता, ती मुदत होती. पण लोकांनी तेवढ्यावर पेढे वाटले.

इथे ही गोष्ट संपली असती तर ती सुखाची गोष्ट झाली असती. पुढल्या वर्षी भाद्रपद आला, आश्विन गेला. खुणा पुन्हा लावल्या होत्या. यंत्र पाण्यात होतं. ऋजुता रोज होडीने जात होती. एकदाही नाद ऐकू आला नाही. पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा उष्ण होतं. म्हणून घोळी आल्या नाहीत, की आणखी कुठे जाळ्यात सापडल्या, की दुसरी जागा शोधली, हे कोणालाच सांगता येईना. ऋजुता खचली. नव्या अभ्यासात काय लिहायचं? ती तांडेलांजवळ बसून म्हणाली, "बाबा, मी सगळ्यांना आशा लावली. आता बैठकीत लोक काय म्हणतील?"

"जायचं आणि खरं सांगायचं," ते म्हणाले. "गेल्या वर्षी होत्या, यंदा नाहीत. दोन्ही लिही."

बैठक भरली. ऋजुताने जे होतं ते सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, मग आता खुणा कायमच्या काढा. सगळ्यांच्या माना हरेश्वरकडे वळल्या. गेल्या वर्षी त्याने 'पुढचं पुढे बघू' म्हटलं होतं आणि दक्षिण टोकाला जाळं न टाकल्याने सगळ्यात जास्त तोशीस त्याच्याच नौकांना लागली होती.

तो उठला. नेहमीसारखा ताडकन नव्हे, सावकाश.

"माझ्या धाकट्या लेकीने परवा विचारलं, बाबा, घोळीचा आवाज कसा असतो?" तो म्हणाला. "मी सुनावणीला होतो. मी ऐकलाय. तिला तोंडाने करून दाखवायला गेलो, तर जमेना. दोन दिवस मी होडीवर, बाजारात, जेवताना तोच करून बघतोय. जमत नाही." त्याने मनगटाने डोळे पुसले. "यंत्रातला नको. मला तो तिला पाण्यातला ऐकवायचाय. यंदा नाही आल्या तर नाही आल्या. खुणा राहू द्या."

आणि तो खाली बसला.  खुणा राहिल्या.

घरी परतताना ऋजुता तांडेलांच्या डाव्या बाजूने चालत होती. समुद्राला ओहोटी लागली होती, ओल्या वाळूवर बगळे उभे होते. तिने विचारलं, "बाबा, पस्तीस वर्षं तुम्ही एकटे वाट बघत होतात. कंटाळला नाहीत?"

"एकट्याने वाट बघणं फार जड असतं," तांडेल म्हणाले. "मला वाटायचं, मी गेलो की ही ओढही माझ्याबरोबर जाईल. नंतर जन्मलेल्यांना रिकामा समुद्रच पुरेसा वाटेल. जे आपलं होतं हेच ठाऊक नाही, ते गेलं म्हणून कोण रडणार? आज हरेश्वरला रडू येत होतं, पाहिलंस ना? त्याने तर एकदाच ऐकलं, तेही पेटीतून." मग ते थोडं हसले. "घोळ येईल की नाही, ते तिच्या मनावर. पण आता तिची वाट बघणारं गाव आहे."

ऋजुताने मान डोलावली. त्या रिकाम्या मोसमाबद्दल अभ्यासात काय लिहायचं, ते तिला आता कळलं होतं : घोळ आली नाही, तरी गावाने तिची जागा राखून ठेवली.

समुद्र राखायचा असेल तर आकडे हवेत, कायदे हवेत, लढणारी माणसंही हवीत. परंतु जिथे त्याच्यासाठी कोणाचा जीव तुटत नाही, तिथे यांतलं काहीच फार दिवस टिकत नाही.